नवी आवृत्ती आली, तुमच्या टेबलावर काय झालं?

मंडळी,

गेली सहा वर्षं दर शनिवारी रात्री आमच्या पुण्यातल्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती पाच जण बसतात. ताटं उचलली की नकाशा अंथरायचा. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांवर खेळायची गोष्ट. नियम २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी, मी. सप्टेंबर २०२४ मध्ये नवं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं मुख्य पुस्तक, निघालं. ते हातात आलं त्या शनिवारी आम्ही खेळलोच नाही. साडेअकरापर्यंत नुसता वाद.

आमच्यातला एक जण असॅसिन, म्हणजे लपून मारणारा मारेकरी, खेळतो. २०१४ च्या नियमात बेसावध शत्रूची पहिली पाळी वाया जायची, आणि असॅसिनचा त्याच्यावर बसलेला वार क्रिटिकल, म्हणजे दुप्पट फाशांचा, धरायचा. त्या एका वारासाठी हा मुलगा दोन-दोन सेशन टेहळणी करायचा, छतांवरून सरपटायचा, पहारेकऱ्यांच्या वेळा लिहून ठेवायचा. नव्या पुस्तकात बेसावध असणाऱ्याला फक्त इनिशिएटिव्हला, म्हणजे पाळीचा क्रम ठरवणाऱ्या दानाला, डिसअ‍ॅडव्हान्टेज. दोन फासे टाकून कमी तो धरायचा, पण पाळी शाबूत. डीएम म्हणून मला हा बदल मनापासून हवा होता, कारण माझे कितीतरी खलनायक तोंड उघडण्याआधीच गेले आहेत. पण तो म्हणाला, "ताई, नियम बदलला तर बदलू दे. मी सहा वर्षं जे शिकलो ते कुठे ठेवू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

औषधाच्या बाटलीचं मात्र उलट झालं. बाटली मुख्य कृती न घालवता, बोनस अ‍ॅक्शनमध्ये प्यायची, हा आमचा पहिल्या वर्षापासूनचा घरचा नियम. कितीतरी टेबलांवर तो असाच चालायचा. आता तो छापून आला. ते पान मी सगळ्यांना वाचून दाखवलं तेव्हा खरंच अभिमान वाटला.

म्हणून हा धागा. खेळ कुठलाही, आवृत्ती कुठलीही चालेल. श्रेष्ठ कोणती ते इथे ठरवायचं नाही. काय सुटता सुटलं नाही, काय आवडलं, तुमच्या टेबलावर काय ठरलं, ते सविस्तर लिहा.

*

न्यू जर्सीहून

मी १९९१ मध्ये एम. एस. करायला ओहायोत आलो. वसतिगृहाच्या तळघरात शुक्रवारी रात्री एडी अँड डी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स, चालायचं, दुसरी आवृत्ती. इंग्रजी बोलताना मी अडखळायचो, पण तोंडी हिशेब पक्का होता आणि त्या काळी तो लागायचा. 'थॅको' ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: वार लागायला फाशावर किती पडायला हवेत, ते काढायचा हा आकडा. पाचव्या पातळीच्या फायटरचा थॅको १६. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा, ४ असेल तर १६ वजा ४, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १२ किंवा जास्त पडायला हवेत. आर्मर क्लास जितका कमी तितका बचाव भक्कम. तो शून्याच्याही खाली जायचा, मग वजाचं वजा अधिक. बाकीची मुलं तक्त्यावर बोट फिरवत असायची तोवर माझा आकडा सांगून झालेला असायचा. महिन्याभरात टेबलावरचे सगळे हिशेब माझ्याकडे आले. परक्या देशात मला पहिली जागा मिळाली ती त्या वजाबाकीमुळे.

ऑगस्ट २००० मध्ये तिसरी आवृत्ती आली. आर्मर क्लास उलटा केला, जास्त तितका भक्कम. फासा टाका, बोनस मिळवा, आकडा गाठला की वार लागला. पाच तऱ्हेच्या सेव्हिंग थ्रोंच्या, म्हणजे संकटातून वाचायच्या दानांच्या, जागी तीन. शाळकरी पोरालाही पाच मिनिटांत कळेल असं. हातचं काम कुणी काढून घ्यावं तसं मला झालं. वर्षभर मी ते पुस्तक विकतच घेतलं नाही.

मग बायको खेळायला बसली. थॅको तिने पूर्वी दोनदा ऐकून सोडून दिला होता. तिला ड्वार्फ व्हायचं होतं आणि जादूही करायची होती. दुसऱ्या आवृत्तीत ड्वार्फला विझार्ड होण्याची मुभाच नव्हती. तिसरीने ती आडकाठी काढून टाकली. तिची ती ड्वार्फ विझार्ड नऊ वर्षं जगली, आणि मला थॅकोवाचून करमू लागलं.

*

बंगळूरहून

चौथ्या आवृत्तीबद्दल चांगलं बोलणारं इथे कुणी येईल की नाही माहीत नाही, म्हणून मी लिहितो.

२००८ साली नोकरीला लागलो, त्याच वर्षी जूनमध्ये ती आली. माझी पहिलीच. जुनी मंडळी तिच्यावर किती चिडली होती! हा कॉम्प्युटर गेम आहे, सगळे क्लास सारखेच, असं काय काय ऐकलं. २००९ मध्ये पाथफाइंडर हा दुसरा खेळ आला तेव्हा तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित रूपाचे, म्हणजे साडेतीनचे, नियम पुढे चालवायला मिळतात म्हणून माझ्या ओळखीतले बरेच जण तिकडे गेले.

पण मी फायटर खेळायचो. आधीच्या आवृत्त्यांत जादूगार पुस्तकभर मंत्रांतून निवड करायचा आणि फायटर म्हणायचा "मी मारतो". पुढच्या पाळीला पुन्हा "मी मारतो". चौथीने फायटरला पहिल्यांदा भरलेलं ताट वाढलं. दर पाळीला वापरायच्या ताकदी वेगळ्या, लढाईत एकदाच वापरायच्या वेगळ्या, दिवसातून एकदाच्या वेगळ्या. शत्रूला मार्क केलं की मला सोडून दुसऱ्यावर वार करताना त्याच्या दानाला वजा दोन. मी मित्रासमोर उभा राहिलो तर त्या उभं राहण्याला अर्थ होता. आणि वॉरलॉर्ड! जादूचा लवलेश नाही, नुसत्या हाकेने खचलेल्या सोबत्याला उभा करणारा. २०१४ च्या हँडबुकात वॉरलॉर्ड नव्हता. सगळे म्हणाले, खरा खेळ परत आला. माझा मात्र गेला होता, आणि ते कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

२०२४ चं पुस्तक उघडलं, वेपन मास्टरीच्या, म्हणजे शस्त्रांच्या खास कसबांच्या, पानावर आलो. 'ग्रेझ': ग्रेटसोर्डचा वार चुकला तरी अंगच्या ताकदीच्या बोनसएवढी इजा होणारच. हे मी ओळखतो! चौथीत माझ्या फायटरची 'रीपिंग स्ट्राइक' दोन हातांच्या शस्त्राने नेमकं हेच करायची. सोळा वर्षांनी ती नाव बदलून परत आली. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं.

*

ठाण्याहून

पॅलाडिनबद्दल, म्हणजे शपथ घेतलेल्या धर्मयोद्ध्याबद्दल, बोलायलाच हवं. २०१४ मध्ये वार लागला की मग ठरवायचं, स्माइट, म्हणजे जादा दैवी इजा, करायचा की नाही. क्रिटिकल पडला तर सगळे फासे दुप्पट. एका पाळीत दोन वार लागले तर दोनदा स्माइट. आता डिव्हाइन स्माइट हा मंत्र झाला. बोनस अ‍ॅक्शन लागते, म्हणजे पाळीत एकदाच. मंत्र म्हटल्यावर तो तोंडाने उच्चारायला लागतो, म्हणजे 'सायलेन्स'च्या वर्तुळात माझा पॅलाडिन मुका.

जुना स्माइट भारी होता हे मला मान्य आहे. पाळीत एकदाच म्हणाल तर ऐकेन. पण मंत्र का? माझ्या डोक्यात ती शपथ होती. शपथेतून येणारी ताकद शत्रूच्या काउंटरस्पेलने, म्हणजे मंत्र तोडणाऱ्या मंत्राने, अडते, हे मला पटत नाही. आमच्या डीएमने तडजोड केली आहे: पाळीत एकदाच, पण मंत्र नाही.

*

म्युनिकहून

माझी मुलगी अकरा वर्षांची. मी मराठी, तिचे बाबा जर्मन. दोन वर्षांपूर्वी तिने पहिलं कॅरेक्टर केलं ते हाफ-एल्फ बार्ड, म्हणजे अर्धी माणूस, अर्धी एल्फ अशी गायिका. का, ते मी विचारलं नाही. तिनेच एकदा झोपताना सांगितलं, "हिला दोन्हीकडचे लोक आपली म्हणतात, आणि दोन्हीकडचे विचारतात तू मूळची कुठली."

नव्या हँडबुकात दहा जमाती आहेत. ऑर्क आले, गोलायथ आले, आसिमार आले. हाफ-एल्फ नाही, हाफ-ऑर्कही नाही. तिने अनुक्रमणिका वरून खाली पाहिली, मग खालून वर. मला म्हणाली, "आई, विसरले असतील का?"

विसरले नव्हते. 'अर्धा' या शब्दावर पूर्वीपासून अनेकांचा आक्षेप होता आणि त्यात तथ्य आहे. तिला शाळेत कुणी अर्धी म्हटलं तर मी शिक्षकांकडे जाईन. २०२२ च्या चाचणी-मसुद्यात एक तोड काढली होती: आईवडिलांपैकी एकाच्या जमातीचे गुण घ्यायचे, दिसायला हवं तसं मिश्र ठेवायचं. तेही मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "एकाचेच का?"

तिच्या या प्रश्नावर मी बराच विचार केला. नियम लिहिणाऱ्यांना दुखवायचं नव्हतं, हे मला दिसतं. पण दुखवणारा शब्द काढताना त्यांनी त्या शब्दामागे उभं असलेलं मूलही पानावरून काढलं. दुसरा शब्द शोधता आला असता.

जुनी जमात नव्या नियमांत वापरायला परवानगी आहे, फक्त तिचे जुने अ‍ॅबिलिटी बोनस सोडायचे, कारण ते आता बॅकग्राउंडमधून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्यातून, मिळतात. आम्ही तसंच केलं. कॅरेक्टर शीटवर जमातीच्या रकान्यात तिने आधीचा शब्द खोडून देवनागरीत लिहिलं: दोन्ही. टेबलावरची जर्मन मुलंही आता 'दोन्ही' म्हणतात, त्यात ण असता तर त्यांना आला नसता, पण न येतो.

*

दादरहून

आमचं टेबल कॉल ऑफ कथुलू या भयकथांच्या खेळाचं, मी कीपर, म्हणजे तिथला डीएम. हा खेळ १९८१ चा, आणि सहाव्या आवृत्तीपर्यंत नियमांचा सांगाडा बराचसा तोच होता. २०१४ च्या सातवीने अंगभूत गुणांना पाचाने गुणलं, म्हणजे १३ ची ताकद ६५ झाली. दोन गुणांची टक्कर लावायचं रेझिस्टन्स टेबल गेलं. दोन दिवस कुरकुरलो. मग 'पुश' नियम वापरून पाहिला: दान फसलं तर पुन्हा टाकता येतं, पण दुसऱ्यांदा फसलं तर जे होईल ते भयंकर. पहिल्याच रात्री एकाने बंद कपाट उघडायला दान पुश केलं आणि खोलीतला एक माणूस हलेना. कुरकुर तिथेच संपली.

*

नागपूरहून

मी कॉलेजात आहे, माझी ही पहिलीच आवृत्ती, त्यामुळे काही गेल्याचं दुःख मला नाही. पण वेगळं काही सांगायचं आहे.

आमच्या सात जणांत पुस्तक एकाकडेही नाही, परवडत नाही. जानेवारी २०२३ मध्ये खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या जुन्या खुल्या परवान्यात बदल करण्याचा बेत फुटला, जगभरच्या खेळाडूंनी गदारोळ केला, आणि महिना संपायच्या आत पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त परवान्याखाली खुला झाला. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचाही संच तसाच आला. श्रेय दिलं की त्याचं भाषांतरही करता येतं. म्हणजे वर लिहिणाऱ्या काका-ताईंच्या पिढीने भांडून मिळवलं, त्यावर आम्ही खेळतो आहोत. त्याबद्दल मनापासून आभार.

आम्ही कंडिशन्स, म्हणजे पात्राच्या अवस्था, मराठीत करतो आहोत. 'फ्राइटन्ड'ला भेदरलेला, 'ग्रॅपल्ड'ला जखडलेला, 'प्रोन'ला आडवा. 'एक्झॉशन'ला थकवा. जुन्या नियमात थकव्याच्या सहा पायऱ्यांचे सहा निराळे परिणाम होते, ते एका ओळीत बसेनात. नव्यात दर पायरीला वीसच्या फाशावर वजा दोन आणि चाल पाच फुटांनी कमी, सहाव्या पायरीला मरण. एका ओळीत बसलं! 'स्टन्ड'ला अजून शब्द मिळालेला नाही. 'सुन्न' फार हळवा वाटतो. कुणाला सुचला तर कळवा.

*

(धागाकर्ती: 'गारद' चालेल का? आमच्या टेबलावर ठाण्याच्या दादांची स्माइटची तडजोड या शनिवारी करून बघणार आहोत. असॅसिनचा जुना वार हे कॅम्पेन संपेपर्यंत तसाच राहील, असं ठरलं.)

*

टोरांटोहून

आम्ही सहा जण, डोंबिवलीत एकाच शाळेत होतो. २००४ पासून खेळतोय, आधी गच्चीवर, नंतर जो तो पांगल्यावर व्हिडिओ कॉलवर. साडेतीन, मग थेट पाचवी, आणि गेल्या वर्षी २०२४ ची. प्रत्येक वेळी सगळी कॅरेक्टर्स नव्या नियमांत बदलून घ्यायची, त्यासाठी एक अख्खा रविवार.

आमच्यातला एक २०११ मध्ये गेला. त्याचा रेंजर तेव्हा अकराव्या पातळीला होता. शीट पेन्सिलीने भरलेली, त्याच्या आईने ती आम्हाला दिली. पाचवीत जाताना आम्ही ती बदलायला बसलो, आणि पहिल्याच रकान्याशी थांबलो. साडेतीनमध्ये त्याचा हल्ला +११/+६/+१ असा लिहायचा, एका पाळीत तीन वार, प्रत्येक आधीच्यापेक्षा कच्चा. पाचवीत असलं काही नाही. आकडा खोडायचा म्हणजे त्याचं अक्षर खोडायचं. कुणी खोडलं नाही.

म्हणून तो रेंजर आजही साडेतीनमध्येच आहे. जंगलाच्या कडेला राहतो, वर्षातून एखाद्या वेळी पार्टीला भेटतो, आणि त्याची पाळी आली की डीएम त्याच्यापुरते जुने नियम काढतो.

गेल्या महिन्यात गॉब्लिनांची टोळी चालून आली. नव्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये गॉब्लिन आता ह्युमनॉइड, म्हणजे माणसासारखे, नाहीत, 'फे', म्हणजे परीलोकातले, झाले आहेत. त्याच्या शीटवर फेवर्ड एनिमीपुढे (ज्या शत्रूवर त्याला बोनस मिळतो) लिहिलंय, 'ह्युमनॉइड, गॉब्लिनॉइड'. नियमाने बघितलं तर बोनस लागू होत नाही. डीएमने शीटचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाला, "त्याच्यासाठी गॉब्लिन तेच आहेत." मग त्याने तीन वेळा फासा टाकला. अकराचा लागला, सहाचा लागला, एकचा चुकला.