ओटोस्कोपचे कोन, थर्मामीटर, क्लिपर: दिवसभर सॅव्हलॉनमध्ये ठेवणं पुरेसं आहे का?

तपासणी_टेबल (प्रश्न)

नमस्कार. कुत्र्या-मांजरांचा दवाखाना आहे, दिवसाला साधारण २५ पेशंट, मदतीला दोन मुली. सध्याची पद्धत अशी: ओटोस्कोपचे (कानात बघायच्या उपकरणाचे) कोन स्टीलच्या ट्रेमध्ये, पातळ केलेल्या सॅव्हलॉनमध्ये दिवसभर बुडवलेले असतात. लागला की काढायचा, झटकायचा, वापरायचा आणि परत त्यातच टाकायचा. थर्मामीटर तळाशी कापूस घातलेल्या काचेच्या बरणीत, त्याच पाण्यात. स्टेथोला स्पिरिटचा बोळा. क्लिपरचं ब्लेड ब्रशने झाडून वर स्प्रे. टेबल फिनाईलच्या पाण्याने.

यात मला खटकतंय ते कानाचं. पहिल्या तपासणीत स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेल्या कानातल्या मळात) नुसती यीस्ट दिसते आणि उपचार सुरू असताना दोन-तीन आठवड्यांनी त्याच कानात स्यूडोमोनास हा चिवट जिवाणू सापडतो, असं एकापेक्षा जास्त वेळा झालंय. शिवाय पार्वोच्या (पिल्लांच्या हगवणीच्या विषाणूच्या) दिवसांत टेबलावर आणि थर्मामीटरवर भरवसा वाटत नाही.

ट्रेमधलं पाणी किती दिवसांनी बदलावं? कोन ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेत) चालतात का? पार्वोच्या पेशंटनंतर नेमकं काय आणि किती प्रमाणात वापरावं?

त्वचा_आणि_कान

मॅडम, पाणी कधी बदलायचं ते नंतर बघू, तो ट्रे आज संध्याकाळीच रिकामा करा. स्यूडोमोनास तिथूनच येतोय असं कल्चरशिवाय (जंतू वाढवून तपासल्याशिवाय) कुणी छातीठोकपणे सांगू नये, पण पहिला संशय तिथेच घ्यावा लागेल.

एक करून बघा. वापरलेला ४ मिमीचा कोन उजेडाकडे धरा आणि रुंद बाजूने आत डोकवा. टोकाच्या आतल्या कडेला पिवळट-तपकिरी, मेणासारखं वळं दिसेल, बहुतेक वेळा त्यात एखादा केस अडकलेला असेल. द्रावणात कितीही बुडवा, ते वळं सुटत नाही. त्याच्या पोटातले जंतू सुरक्षित राहतात आणि तो मळ हळूहळू ट्रेभर पसरतो. सॅव्हलॉनमधलं क्लोरहेक्सिडिन काय किंवा सेट्रिमाइड-बेंझाल्कोनियमसारखी क्वाट्स (अमोनियम गटातली जंतुनाशकं) काय, मळ, पू आणि रक्त असलं की त्यांची ताकद घटते. स्यूडोमोनास तर अशा पातळ, मळकट द्रावणात जगतो आणि वाढतोही. म्हणजे सकाळी पहिल्या कुत्र्याच्या कानातलं दुपारपर्यंत सगळ्या कोनांना लागलेलं असतं.

आणखी एक धोका कानाच्या पडद्याचा. तो फाटलेला असेल तर कोनावरून निथळणारं सॅव्हलॉन मधल्या कानात उतरतं. त्यातलं क्लोरहेक्सिडिन आणि सेट्रिमाइड दोन्ही आतल्या कानाला घातक आहेत, मांजरात तर विशेष. तोल जाणं, मान वाकडी होणं, बहिरेपण, इथपर्यंत जाऊ शकतं. द्रावणातून थेट कानात गेलेला कोन मी कुठेच चालवून घेत नाही.

पद्धत अशी ठेवा. वापरलेला कोन "वापरलेले" लिहिलेल्या झाकणाच्या डब्यात जाईल. त्या डब्यात कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, एवढंच. इथे जंतुनाशकाचं काही काम नाही, मळ वाळू द्यायचा नाही इतकाच हेतू. सत्र संपलं की बाटली धुवायच्या बारीक ब्रशने प्रत्येक कोन आतून, दोन्ही बाजूंनी घासायचा. कानातला मळ तेलकट असतो म्हणून पाणी कोमट हवं. रक्त लागलेल्या वस्तूचं उलट असतं: ती आधी गार पाण्याने धुवायची, गरम पाण्याने रक्त शिजून चिकटतं.

मग वाहत्या पाण्याखाली खळखळून घ्या. ही पायरी मदतनीस हटकून गाळतात. साबण उरला तर तो पुढच्या क्लोरहेक्सिडिनला किंवा क्वाटला निकामी करतो, दोघांचे विद्युतभार विरुद्ध असतात. बोअरचं जड पाणी असेल तर क्वाट्सचा जोर आणखी कमी होतो, म्हणून द्रावण फिल्टरच्या पाण्यात करा.

यानंतर निर्जंतुक करायचं. ऑटोक्लेव्हला चालणारे कोन असतील तर १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ ते २० मिनिटं. सगळे चालत नाहीत. काही प्लास्टिकच्या कोनांचं टोक वितळत नाही, पण किंचित वाकतं आणि त्या धारेने कानाची त्वचा खरचटते. आधी पाकिटावरची सूचना वाचा, मग एकच कोन घालून बघा आणि टोकावरून बोट फिरवा. न चालणाऱ्यांसाठी २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड, लेबलवरच्या तापमानाला आणि लेबलवर दिलेली पूर्ण मिनिटं. कोन पूर्ण बुडालेला हवा, आत हवेचा बुडबुडा नको. मग तीन वेळा ताज्या पाण्यात विसळा. अॅक्टिव्हेट केल्याची तारीख बाटलीवर लिहा. नेहमीची मुदत १४ दिवसांची, पण रोज ओले कोन टाकलेत तर पाणी मिसळून ते त्याआधीच पातळ होतं, म्हणून टेस्ट स्ट्रिप वापरा. झाकण, हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. या वाफेने मदतनिसांना दम्यासारखा त्रास होऊ शकतो.

शेवटी वाळवणं. स्वच्छ टॉवेलवर उभे ठेवून पूर्ण कोरडे होऊ द्या, मग झाकणाच्या कोरड्या डब्यात. स्यूडोमोनासला ओल लागते. कोन ओले ठेवायची एवढी एक सवय मोडली तरी निम्मं काम होतं.

तपासताना दुखरा कान नंतर, बरा आधी, आणि प्रत्येक कानाला वेगळा कोन. म्हणजे तुमच्या गर्दीला तीन-चार डझन कोन लागतील. त्यावर खर्च करा. आणि कान धुवायच्या बाटलीचं नाक कानाला टेकवू नका. ती बाटली पिळून सोडली की कानातला पू आत ओढला जातो. औषध सिरिंजमध्ये काढून वापरा.

ब्लेड_नंबर_४०

कोनांचं वर आलंच आहे, मी थर्मामीटर आणि क्लिपरबद्दल लिहितो.

त्या बरणीतला कापूस आधी काढा. काच फुटू नये म्हणून तो घालायची जुनी रीत आहे, पण सुती कापूस क्वाट स्वतःत धरून ठेवतो. वरच्या पाण्यात औषध उरतं तुमच्या हिशेबापेक्षा बरंच कमी. आठवडाभराने तो कापूस चिमट्याने उचलून बघा, तळाची बाजू बुळबुळीत लागते. पाऱ्याचे थर्मामीटर असतील तर बंदच करा. डिजिटल घ्या आणि त्यावर दर वेळी नवं प्लास्टिक आवरण. आवरण काढल्यावरही कापसाने पुसा, साबण-पाण्याने पुसा, कोरडा करा, मग ७० टक्के अल्कोहोल. ९९ टक्क्यांचं घेऊ नका. जंतूंची प्रथिनं गोठायला पाणी लागतं आणि कडक अल्कोहोल लगेच उडून जातं. सर्जिकल स्पिरिट घेताना लेबलवरचं प्रमाण वाचा.

सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी वस्तू म्हणजे व्हॅसलीनचा डबा. थर्मामीटर त्यात बुडवला, गुदद्वारात घातला, परत बुडवला, की त्या डब्यातून साल्मोनेला आणि पार्वो दोन्ही पुढच्या पिल्लाला मिळतात. ट्यूबमधून गॉझवर थेंब काढायचा आणि गॉझ फेकायचा.

क्लिपरचं ब्लेड झाडून स्प्रे मारणं म्हणजे फार तर वरवरची सफाई. ब्लेड काढा, दोन पाती एकमेकांवर सरकवून बाजूला करा आणि दातांच्या मुळाशी बघा: केस, तेल आणि रक्त यांचा काळपट चिकट गोळा बसलेला असतो. टूथब्रश आणि साबणपाण्याने तो काढा, विसळा, मग लेबलवर ब्लेडसाठी सांगितलेल्या जंतुनाशकात पूर्ण वेळ ठेवा. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, ब्लीच) नको, दातांना गंज लागतो. पूर्ण सुकवून लगेच तेलाचे दोन-तीन थेंब द्या. तेल नसलं तर ब्लेड तापतं, त्वचा भाजते, आणि मग दोष औषधावर येतो. गजकर्णाच्या मांजराला लावलेलं ब्लेड त्या दिवशी दुसऱ्या कुणाला लावू नका, क्लिपरचा बाहेरचा भागही पुसा. मायक्रोस्पोरम या गजकर्णाच्या बुरशीचे बीजाणू सुट्या केसांवर महिनोन्‌महिने टिकतात.

स्टेथोच्या डायफ्रामची (चकतीवरच्या पातळ पडद्याची) कड सोडवून बघा, कडेखाली केसांची दाट पट्टी सापडेल. डायफ्राम आणि इअरपीस अल्कोहोलने पुसा. नळीला साबणाचं ओलं फडकं पुरे, रोज अल्कोहोल लावल्यास ती कडक होऊन चिरते.

तपासणी_टेबल

दोघांचेही मनापासून आभार, सर. कापसाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. पार्वोसाठी हायपो नेमकं किती घ्यायचं? आमच्याकडे पाच लिटरचा कॅन आहे, लेबलवर ५ टक्के. आणि फिनाईलचं काय?

त्वचा_आणि_कान

पार्वोला चरबीचं बाहेरचं आवरण नसतं, म्हणून अल्कोहोल आणि साध्या क्वाट्सवर त्याच्यासाठी विसंबू नका. हायपो चालतं. ५ टक्क्यांच्या हायपोचा एक भाग, पाणी तीस भाग. एक लिटरला साधारण ३३ मिली. ही मात्रा धुतलेल्या, मळ नसलेल्या पृष्ठभागासाठी आहे. हगवणीचा थेंब शिल्लक असेल तर क्लोरीन त्यातच खर्च होतं आणि विषाणू तसाच राहतो. पुसून पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे. घड्याळ लावा. एप्रिल-मे मध्ये पंख्याखाली टेबल चार मिनिटांत सुकतं, दुसऱ्यांदा ओलं करावं लागतं. नंतर साध्या पाण्याने पुसा, नाहीतर स्टीलला डाग पडतात आणि पंजे चाटणाऱ्या पिल्लाच्या तोंडात जातं.

द्रावण रोज ताजं. कॅनसुद्धा उन्हाळ्यात पडून राहिला तर ताकद उतरते. पाच लिटर चार महिने पुरवण्यापेक्षा एक-एक लिटरच्या गडद बाटल्या, सावलीत ठेवलेल्या, जास्त भरवशाच्या. टेबलावर लघवी असेल तर आधी धुवा, अमोनियाबरोबर क्लोरामाइनचा घातक वायू होतो. अॅसिड असलेल्या संडास क्लीनरशी तर कधीच गाठ घालू नका, क्लोरीन सुटतो.

धातूसाठी आणि माणसांच्या नाकासाठी पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटची पूड बरी पडते. १ टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, आणि वेळ तीच दहा मिनिटं. रंगीत पूड असेल तर गुलाबी रंग फिका पडला की द्रावण ओतून द्या. त्यातही हत्यारं रात्रभर ठेवू नका.

फिनाईल मांजरांच्या दवाखान्यातून काढाच. मांजराचं यकृत फिनॉल नीट पचवून बाहेर टाकू शकत नाही. ओल्या फरशीवर चालून पंजे चाटले तरी विषबाधा होऊ शकते. क्लोरोझायलेनॉल, म्हणजे डेटॉल, त्याच घराण्यातलं आहे. पार्वोच्या पिल्लांसाठी थर्मामीटर आणि स्टेथो वेगळेच ठेवा, लाल पट्टी चिकटवून, आयसोलेशनच्या खोलीबाहेर न येणारे.

गोठ्यावरून

मी मोठ्या जनावरांचा, त्यामुळे थोडक्यात. गोठ्यात ऑटोक्लेव्ह नसतो, म्हणून वासरू ओढून काढायच्या दोऱ्या आणि साखळ्या आधी गार पाण्याने रक्त-चिकट जाईपर्यंत धुतो, मग साबणपाण्यात घासून उकळत्या पाण्यात वीस मिनिटं. उकळण्याने बीजाणू मरत नाहीत, पण गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेलासारख्या जंतूंना ते पुरेसं होतं. गर्भपाताच्या प्रकरणात धुतानाही हातमोजे आणि चष्मा, शिंतोड्यातून माणसाला लागण होते. तोंडखुराच्या साथीत नाकाचे चिमटे, बूट, बादली यांना ४ टक्के धुण्याचा सोडा, लिटरला ४० ग्रॅम. त्या विषाणूला आम्ल आणि अल्कली दोन्ही सोसत नाहीत. सोड्याचं पाणी अॅल्युमिनियमच्या भांड्यात करू नका, भांडं खाऊन टाकतं.

रेबीजचा संशय असलेल्या जनावराचा माउथ गॅग (तोंड उघडं धरायचं साधन) किंवा मुसकं घासताना शिंतोडे उडवू नका. साबणपाणी आणि जंतुनाशकाने हा विषाणू सहज मरतो, पण घासणाऱ्याच्या हाताला चिरा असू नयेत आणि त्याची लस झालेली असावी.

ब्लेड_नंबर_४०

एक राहिलं. मांजरांच्या श्वासनळीत घालायच्या ट्यूब कुणी ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवत असेल तर विसळण्यात अजिबात काटकसर नको, आत राहिलेल्या थेंबाने श्वासनळीचं अस्तर भाजतं. ट्यूब फुगा फुगवून आधी पाण्यात तपासा, मग धुवा, आणि फुग्याच्या घडीतला चिकट थर बोटाच्या टोकाने चोळून काढा, ब्रश तिथे पोचत नाही. कोरडी झाल्यावर नळीचं तोंड खाली करून टांगून ठेवा.