पिसदुऱ्याचे जीवाश्म आणि नोहाचा जलप्रलय

प्रश्न (वरोरा तालुका): जय ख्रिस्त. मी मंडळीच्या संडे स्कूलमध्ये मोठ्या मुलांना शिकवतो. पिसदुरा जवळच असल्यामुळे तिथे सापडलेल्या डायनासोरच्या हाडांविषयी आणि दगड झालेल्या विष्ठेविषयी मुले हमखास विचारतात. पृथ्वी सुमारे सहा हजार वर्षांची असून जीवाश्म नोहाच्या जलप्रलयात तयार झाले, असे आमच्याकडे शिकवले जाते. हे कितपत टिकते?

उत्तर १: मी ही शिकवण मनापासून मानतो. उघड्यावर मेलेल्या जनावराचे कुत्री-गिधाडे काही शिल्लक ठेवत नाहीत. जीवाश्म व्हायचा तर ते गाळाखाली लवकर गाडले जावे लागते. प्रलयाची बाजू मांडणारे अमेरिकन लेखक व्हिटकॉम्ब आणि मॉरिस यांनी १९६१ मध्ये मांडले की प्रलयाच्या गाळात समुद्रतळाचे जीव आधी गाडले गेले आणि उंचावर पळू शकणारे शेवटी.

उत्तर २: लवकर गाडले जाणे भूवैज्ञानिकांनाही मान्य आहे, पण त्यासाठी नदीचा पूरही पुरतो. खरी अडचण आपल्या काळ्या दगडाची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाची आहे. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ असून त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, बिया आणि फळे दगड होऊन पडली आहेत. म्हणजे लाव्हा निवला, त्यावर तळे साचले, त्यात गोगलगायी वाढल्या, काठची झाडे फळली आणि त्यानंतर पुन्हा लाव्हा आला. उत्पत्तीच्या पुस्तकाप्रमाणे सुमारे वर्षभर चाललेल्या, डोंगरही बुडवणाऱ्या प्रलयात हे बसवता येत नाही. हे जीवाश्म गोळा करून त्यांच्याविषयी लिहिणारे स्टीफन हिस्लॉप स्वतः मिशनरी होते, हेही मुलांना अवश्य सांगा; नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे.

उत्तर १: लाव्हा प्रलयानंतरचा असेल, तर?

उत्तर २: तर लाव्हाखालचे, लमेटा नावाचे गाळाचे थर प्रलयाचे मानावे लागतील, आणि पिसदुऱ्याची विष्ठा त्याच थरांतली आहे. २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश सापडले. याच थरांत गुजरात आणि मध्य प्रदेशात डायनासोरची अंडी जमिनीत घातलेल्या घरट्यांत जशीच्या तशी मिळाली आहेत. जग बुडत असताना जनावरे चरत होती आणि कोरड्या जमिनीत घरटी करून अंडी घालत होती, असे म्हणावे लागेल. मला तरी ते पटत नाही.