चार सारखेच वजनकाटे एका कॉम्प्युटरला, रीबूटनंतर कुठला कुठला ते कळेना

तोळामासा:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण अर्धवट सांगितलं तर नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सगळंच सांगते.

माझ्याकडे चार डिजिटल वजनकाटे आहेत, चारही एकाच मॉडेलचे. प्रत्येकाच्या मागे सिरीयल पोर्ट आणि त्याला यूएसबी कन्व्हर्टरची केबल, चारही केबल एकाच पाकिटातल्या, आत सीएच३४० चिप. त्या सात पोर्टच्या एका हबमध्ये आणि हब एका छोट्या लिनक्स मशीनला. काट्यांवर ओल्या लाकडाचे चार तुकडे वाळत ठेवलेत आणि दर मिनिटाला वजन फाईलमध्ये पडतं. स्क्रिप्टमध्ये मी सरळ लिहून टाकलं होतं की टीटीवाययूएसबी० (लिनक्स अशा केबलला देतं ते नाव) म्हणजे काटा १, टीटीवाययूएसबी१ म्हणजे काटा २, असं करत चारपर्यंत.

अकरा दिवस सगळं छान चाललं. मग पहाटे वीज गेली, आली, मशीन आपोआप सुरू झालं, स्क्रिप्टही सुरू झाली, एकही एरर नाही. चार दिवसांनी ग्राफ काढला तर काटा २ ची रेघ ४१२.६ ग्रॅमवरून एकदम ३८८.० वर आलेली आणि त्याच वेळी काटा ३ ची रेघ ३८८.१ वरून ४१२.५ वर चढलेली. वाळणारं लाकूड २४ ग्रॅमनी जड होत नाही, म्हणजे दोघांची अदलाबदल झाली एवढं कळलं. त्या चार दिवसांत वीज अजून दोनदा गेली होती आणि काटा १ आणि ४ वरचे तुकडे जवळपास सारख्याच वजनाचे आहेत, ४०१.२ आणि ४००.९, तिथे उडी दिसतच नाही. ते बदललेत की नाही हे मला आता नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाहीये.

कुठेतरी वाचलं की डेव्ह फोल्डरमध्ये सिरीयलच्या आत बाय-आयडी असतं, त्यात बघा. बघितलं, तर चार केबल लावलेल्या असताना तिथे नाव एकच! हे असं का, कायमचं ओळखायचं कसं, आणि मुख्य म्हणजे गेल्या चार दिवसांचा डेटा वाचेल का? पुन्हा पहिल्यापासून करायचं तर सहा आठवडे जातील हो.

केबलगुंता:
ताई, आधी एक गोष्ट. टीटीवाययूएसबी० मधला शून्य हे त्या केबलचं नाव नाहीच, तो टोकन नंबर आहे, जो आधी आला त्याला शून्य, मग एक, मग दोन. मशीन सुरू होताना हबला वीज कधी मिळते, कुठली चिप आधी जागी होते, ड्रायव्हर कोणाला आधी पकडतो यावर तो क्रम ठरतो, आणि दहा वेळा तोच क्रम आला म्हणून अकराव्या वेळी येईलच असं नाही. त्यातच अजून एक भानगड म्हणजे चालू असताना एखादी केबल क्षणभर तुटली आणि परत जोडली गेली, आणि तुमच्या स्क्रिप्टने जुना पोर्ट उघडाच धरून ठेवलेला असला, तर जुना नंबर अडकलेला राहतो आणि त्या केबलला पुढचा मोकळा नंबर मिळतो. कधी टीटीवाययूएसबी४ दिसला तर घाबरू नका, पाचवी केबल आलेली नसते.

बाय-आयडीमध्ये एकच का ते आता. यूएसबीवरचं प्रत्येक उपकरण जोडल्यावर स्वतःची ओळख सांगतं, ती १८ बाइटची असते. त्यात कंपनीचा नंबर, वस्तूचा नंबर वगैरे असतं आणि सिरीयल नंबर कुठे वाचायचा त्याचा एक बाइट असतो. तो बाइट शून्य असला की सिरीयल नंबर नाहीच. बहुतेक उपकरणांना यूएसबीच्या नियमात सिरीयल नंबरची सक्ती नाही, पेनड्राइव्हसारख्या साठवणीच्या वस्तूंना आहे, कन्व्हर्टरला नाही. तुमच्या चारही केबल सांगतात की कंपनी १ए८६, वस्तू ७५२३, सिरीयल काही नाही. चौघांचं उत्तर तंतोतंत एकच, त्यामुळे बाय-आयडीमध्ये चौघांसाठी एकच नाव तयार होतं आणि ते एका वेळी एकाकडेच बोट दाखवू शकतं.

म्हणून तुमच्या बाबतीत ओळख उपकरणात शोधू नका, जागेत शोधा. बाय-आयडीच्या शेजारीच बाय-पाथ नावाचं फोल्डर आहे, तिथे कुठल्या कंट्रोलरच्या कुठल्या पोर्टमध्ये, हबच्या कितव्या भोकात, असं नाव असतं. तिथे तुम्हाला चार नावं दिसली पाहिजेत.

रात्रपाळी:
डेटाचं मी सांगतो, कारण माझ्याकडे हेच तापमानाच्या प्रोबबरोबर झालं होतं आणि मी आठवडाभराचं काम फेकून दिलं, नंतर कळलं की वाचवता आलं असतं. अजून हळहळ वाटते. तुम्ही काहीही हलवू नका, एकही केबल काढू नका.

प्रत्येक वेळी मशीन सुरू होतं तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या लॉगमध्ये प्रत्येक केबलसाठी एक ओळ लिहितो. ती साधारण अशी असते: यूएसबी १-१.३, सीएच३४१-यूएआरटी कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी२. (चिप ३४० असली तरी ड्रायव्हरचं नाव ३४१ आहे, तिथे गोंधळू नका.) या ओळीत दोन्ही गोष्टी आहेत बघा, जागा पण आणि त्या वेळी मिळालेला नंबर पण. म्हणजे केबल जर हबच्या त्याच भोकात राहिल्या असतील तर तिन्ही रीबूटला कुठल्या भोकातल्या काट्याला कुठला नंबर मिळाला होता ते पक्कं कळतं.

आधी जर्नल-सीटीएलला (लॉग वाचायची कमांड) लिस्ट-बूट्स विचारा. यादीत जुने बूट दिसले तर नशीब चांगलं, याचा अर्थ जर्नल डिस्कवर साठत होतं. मग प्रत्येक बूटसाठी फक्त कर्नलचे मेसेज काढा आणि अटॅच्ड शब्द शोधा. बूटमागे किमान चार ओळी यायला हव्यात. जास्त आल्या तर मधे एखादी केबल तुटून परत जोडली गेली होती, तीही वेळ टिपून ठेवा.

तोळामासा:
रात्रपाळी, तुमचे किती आभार मानू! लिस्ट-बूट्समध्ये चार बूट दिसतायत, म्हणजे सुरुवातीचा आणि वीज गेल्यानंतरचे तीन. मी आता प्रत्येक बूटच्या ओळी काढून कागदावर तक्ता करते. पण एक अडचण आहे, हबच्या भोकांवर १ ते ७ आकडे छापलेत आणि लॉगमध्ये १-१.२, १-१.३, १-१.४.१, १-१.४.२ असं येतंय. केबल तर ओळीने २, ३, ४, ५ मध्ये आहेत. हे शेवटचे दोन तीन मजली आकडे कुठून आले?

पोर्टमास्तर:
ते सात पोर्टच्या हबमध्ये नेहमी दिसतं. हबच्या बऱ्याच चिप चार पोर्टच्या असतात, त्यामुळे सात पोर्ट करायचे तर आत दोन चिप लावतात, पहिलीच्या चौथ्या पोर्टला दुसरी जोडलेली. पहिलीचे तीन आणि दुसरीचे चार, झाले सात. म्हणून १-१.४.१ म्हणजे आतल्या दुसऱ्या हबचं पहिलं भोक. बाहेर छापलेला आकडा आणि आतला आकडा जुळेलच असं धरून चालू नका, काही हबमध्ये क्रम उलटा पण असतो. खात्री करायची सोपी पद्धत म्हणजे एका खिडकीत बाय-पाथच्या नावाने एकेक पोर्ट वाचत बसा आणि प्रत्येक काट्याच्या ताटलीवर बोट अगदी हलकं टेकवा. जिथे आकडा हलला तो काटा. केबल काढायची गरजच नाही.

आता कायमच्या बंदोबस्ताबद्दल. बाय-पाथची नावं लांबलचक असतात, स्क्रिप्टमध्ये वाचवत नाहीत, म्हणून मी यूडेव्हचा (जोडलेल्या उपकरणांना नावं देणारा लिनक्सचा भाग) नियम लिहितो. ईटीसीमधल्या यूडेव्हच्या रूल्स फोल्डरात ९९ ने सुरू होणारी फाईल करायची आणि प्रत्येक काट्याला एक ओळ, की सबसिस्टिम टीटीवाय असेल आणि आयडी-पाथ (बाय-पाथमध्ये दिसते तीच जागा) अमुक असेल तर काटा१ नावाची सिमलिंक, म्हणजे त्याच पोर्टकडे बोट दाखवणारं जास्तीचं नाव, जोड. ९९ अशासाठी की आयडी-पाथ हा आधीच्या ६० नंबरच्या फाईलमध्ये भरला जातो, तुमची फाईल त्याच्या आधी चालली तर तो रिकामाच मिळेल. मूळ नाव बदलायच्या फंदात पडू नका, सिमलिंकच करा. मग यूडेव्ह-एडीएमला रीलोड आणि ट्रिगर द्या.

बरेच जण नुसत्या १-१.३ वर नियम लिहितात. एकच यूएसबी कंट्रोलर असेल तर चालतं, पण दोन-तीन असतील तर पहिला १ हा बसचा नंबर आहे आणि तो पण टोकनच, एखाद्या रीबूटला १ चा ३ होऊ शकतो. आयडी-पाथमध्ये कंट्रोलरचा पीसीआय पत्ता किंवा बोर्डवरची जागा येते, ती तशी हलत नाही.

आणि एक सापळा ज्यात मी अख्खी संध्याकाळ घालवली होती. यूडेव्ह-एडीएम इन्फो चालवलं की खालून वर एकेक पालक उपकरण (खालचं ज्याला जोडलेलं असतं ते) दिसतं, प्रत्येकाचे गुणधर्म वेगळे. एका नियमात तुम्ही वेगवेगळ्या पालकांचे गुणधर्म एकत्र केले, म्हणजे ड्रायव्हरचं नाव एका पातळीवरून आणि कंपनीचा नंबर त्याच्या वरच्या पातळीवरून, तर नियम कधीच लागत नाही आणि एररही येत नाही. पालकाच्या सगळ्या अटी एकाच पालकाच्या हव्यात.

सुटेभाग:
एवढं सगळं करण्यापेक्षा केबलच बदला की. एफटीडीआयची एफटी२३२आर चिप असलेल्या केबल घ्या, त्यात आतच छोटी मेमरी असते आणि प्रत्येकीत वेगळा सिरीयल नंबर येतो, मग बाय-आयडी नीट चालतं आणि कुठल्याही भोकात लावा. फक्त सीपी२१०२ वाल्या स्वस्त केबल घेताना बघून घ्या, बऱ्याच जणींवर सिरीयल म्हणून ०००१ च असतं, चार घेतल्या तर चारही ०००१. तो टूलने बदलता येतो पण आधी बदलावा लागतो.

विंडोजवर पण हाच फरक आहे. सिरीयल नंबर असेल तर कॉम पोर्टचा नंबर त्या केबलबरोबर फिरतो, नसेल तर जागेला चिकटतो, दुसऱ्या भोकात लावली की नवा कॉम नंबर. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इन्स्टन्स पाथ बघा, शेवटच्या तुकड्यात दुसरंच अक्षर अँडचं चिन्ह असेल तर तो नंबर विंडोजने स्वतः बनवलाय, उपकरणाने दिलेला नाही.

केबलगुंता:
सुटेभाग, केबल चांगल्याच आहेत, पण तो सिरीयल नंबर केबलचा आहे, काट्याचा नाही, हे ताईंच्या कामात फार महत्त्वाचं आहे. कोणी साफसफाई करताना दोन केबलची काट्याकडची टोकं बदलून लावली तर कॉम्प्युटरला सगळं जागच्या जागी दिसेल आणि डेटा परत उलटा. त्यामुळे केबल बदला किंवा नका बदलू, दोन्ही टोकांना एकाच नंबरचं लेबल लावा, सिरीयल पोर्टच्या टोकाचे दोन्ही स्क्रू आवळा (बहुतेक जण ते नुसतेच लोंबकळत ठेवतात) आणि हबकडची बाजू टायने बांधून टाका.

खरी ओळख हवी तर काट्यालाच विचारायला लागेल. काही काटे सांगतात. मेटलर टोलेडोच्या काट्यांत एमटी-एसआयसीएस नावाची कमांडची भाषा असते, त्यात आय४ पाठवलं की काटा स्वतःचा सिरीयल नंबर परत पाठवतो. तसा काटा असेल तर स्क्रिप्ट सुरू होतानाच चौघांना विचारायचं आणि उत्तरावरून फाईल ठरवायची, मग केबल, हब, भोक, कशाचीच काळजी नाही.

चौथीखिडकी:
मध्येच विचारतो, माझ्याकडे तीन सारखे वेबकॅम आहेत, त्यांना हेच लागू होतं का? सिरीयल नंबर दिसतोय पण तिघांचा सारखाच.

पोर्टमास्तर:
हो, व्हीफोरएल या कॅमेऱ्यांच्या फोल्डरात पण बाय-पाथ असतं, तेच वापरा. एका कॅमेऱ्याच्या दोन नोंदी दिसतील, चित्र शेवटी शून्य असलेल्या इंडेक्समध्ये असतं. आणि यूएसबी ३ चा कॅमेरा असेल तर सैल केबलमुळे तो यूएसबी २ वर घसरला की त्याच भोकाचा पाथ बदलतो, कारण एकाच भोकात आत दोन वेगळे मार्ग असतात.

तोळामासा:
झालं! काल रात्री उशिरापर्यंत बसले होते. चार बूट, प्रत्येकी चारच ओळी, जास्तीची एकही नाही, म्हणजे मधे केबल तुटलेली नव्हती. पोर्टमास्तर म्हणाले तसं ताटल्यांना बोट टेकवून भोकं ठरवली, माझ्या हबमध्ये छापलेला क्रम आणि आतला क्रम जुळतोय. तक्ता केल्यावर दिसलं की पहिल्या वीज जाण्यात २ आणि ३ बदलले होते, दुसऱ्यात ते परत आपल्या जागी आले पण १ आणि ४ बदलले, आणि तिसऱ्यात चौघंही फिरले. म्हणजे ज्या जोडीत मला उडी दिसत नव्हती तिथे खरंच अदलाबदल झाली होती, नुसता ग्राफ बघून मी ती कधीच पकडली नसती. फाईली तुकड्या-तुकड्यांनी कापून परत जोडल्या. आता चारही रेघा अखंड उतरतायत, १ आणि ४ मध्ये वाळण्याचा वेग किंचित वेगळा आहे तोही जोडावर तसाच पुढे चालू राहतोय, त्यामुळे माझा विश्वास बसला.

माझे काटे फक्त वजन पाठवतात, कमांड घेत नाहीत, त्यामुळे आय४ सारखं काही नाही. मग आयडी-पाथवर नियम लिहिले आणि स्क्रिप्टमध्ये दोन बदल केले. चारही नावं सापडल्याशिवाय ती सुरूच होत नाही, आणि प्रत्येक ओळीत वजनाबरोबर तो पाथही लिहिते. नंतर मुद्दाम मशीन दहा वेळा बंद-चालू केलं. टीटीवाययूएसबीचे नंबर त्यातल्या तीन वेळा बदलले, काटा१ ते काटा४ एकदाही नाही. लेबलं आत्ताच लावली, सिरीयलच्या टोकाचे स्क्रू आवळायचे राहिलेत, त्यातला एक गहाळ आहे तो शोधतेय.