वेषांतर भित्रेपणाचं नव्हे, हिशेबाचं

'ट्रॉय जिंकणारा ओडिसियस स्वतःच्याच घरात भिकारी होऊन शिरतो, हा भित्रेपणा' हे होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याबद्दलचं मत काही पटलं नाही. आधी आकडे बघा. सोळाव्या सर्गात मुलगा टेलेमॅकस बापाला बेटानुसार मोजून सांगतो: दुलिखियमचे ५२, सामीचे २४, झाकिन्थसचे २०, त्यांच्या स्वतःच्या इथाकाचे १२. म्हणजे ओडिसियसच्या बायकोशी, पेनेलोपीशी, लग्न करायला घरात ठाण मांडलेले १०८ उपवर, नोकरचाकर वेगळेच. त्यात मृतांच्या लोकात भेटलेल्या ॲगमेम्नॉनने, ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीकांच्या सेनापतीने, बजावलेलं, घरी जाशील ते गुपचूप जा. तो स्वतः उघडपणे परतला आणि मारला गेला.

पण संख्याबळ हे अर्धंच कारण. भिकाऱ्यासमोर कोणी सोंग करत नाही, त्यामुळे घरातलं कोण आपलं राहिलंय ते आपोआप कळतं. शिवाय परका आणि याचक हे देवांचा राजा झ्यूस याच्या आश्रयातले. उपवरांपैकी अँटिनोअस त्याला पाय ठेवायची चौकी फेकून मारतो, तिथेच उपवरांची बाजू पडते. ते दृश्य इतर उपवरांनाही खटकतं.

वेषात एक फट मात्र राहते. त्याला वेष देणारी देवी अथीना कातडी सुरकुतवते, केस घालवते, डोळे निस्तेज करते, पण गुडघ्याच्या वरचा रानडुकराच्या सुळ्याचा व्रण तसाच. पाय धुवायला म्हातारी दासी चालेल, असं हा स्वतःच म्हणतो! मग व्रण आठवून अंधाराकडे तोंड फिरवतो. पण पाय धुणाऱ्या दासीच्या, युरिक्लियाच्या, तळहाताला तो लागतोच आणि ती त्याला ओळखते. पाय हातातून सुटतो, काशाचं भांडं कलंडतं, पाणी सांडतं. ती पेनेलोपीकडे बघते, तेवढ्यात हा तिचा गळा धरतो. दाईचा, जिने त्याला लहानाचं मोठं केलं तिचा.