एमडीआर टीबीचं सहा महिन्यांचं नवं औषध: पोरीवर प्रयोग तर नाही ना?

भाचीचा मामा, सोलापूर
भाची १९ वर्षांची, एमडीआर निघाला, म्हणजे नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी. बीपाल्म, म्हणजे चार औषधांचा सहा महिन्यांचा कोर्स, सुरू करायचं म्हणतात. त्यातल्या बेडाक्विलिनला अमेरिकेने २०१२ मध्ये थुंकीतले जंतू लवकर जातात एवढ्यावरच मंजुरी दिली, आणि त्या चाचणीत औषधवाल्या ७९ पैकी ९ जण दगावले, दुसऱ्या गटात ८१ पैकी २. दाजी हे वाचून अडून बसलेत. जुनंच औषध द्या म्हणतात.

निवृत्त सिस्टर
दाजींना सांगा, जुनं औषध मी हाताने टोचलंय. कानामायसिनचं इंजेक्शन. रोज एक, महिनोन्‌महिने. पोरांना धड बसता यायचं नाही. मग कानात शिट्टी वाजायची, आणि एक दिवस हाक मारली तरी मान वळायची नाही. त्याला सगळे ‘माहितीतलं’ औषध म्हणायचे! बेडाक्विलिन आपल्याकडे २०१६ मध्ये आलं, तेही मोजून सहा केंद्रांवर. पाटण्याच्या एका मुलीला दिल्लीच्या केंद्रात, ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून, मिळेना. वडील हायकोर्टात गेले तेव्हा २०१७ मध्ये मिळालं. जपून वापरायचं हे मान्य. पण नव्या औषधासाठी थांबलेल्यांचे कान जुन्या औषधाने गेले, ते कुठल्या तक्त्यात धरायचे? त्या ९ मृत्यूंचं म्हणाल, तर औषधानेच झाले असं काही सिद्ध झालं नाही.

फार्मावाला
सिस्टर, औषधाने झाले नाहीत असंही सिद्ध झालं नव्हतं. मंजुरी २०१२ची, मोठ्या चाचणीचे निकाल २०२२ला. दहा वर्षं! लवकर द्या, पण पुढचा अभ्यास वेळेत करायला लावा. आता तर २०२४च्या सरकारी आदेशाने परदेशात मंजूर झालेल्या काही औषधांना भारतातल्या चाचणीतूनही सूट आहे.

निवृत्त सिस्टर
दहा वर्षं जास्तच झाली, त्यात वाद नाही. मामा, तुम्ही ईसीजी चुकवू नका. बेडाक्विलिनने हृदयाचा ठेका बिघडू शकतो. खोकला झाला म्हणून मेडिकलमधून परस्पर अ‍ॅझिथ्रो आणू नका, तीही तिथेच त्रास देते. बीपाल्ममधल्याच लिनेझोलिडने पायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं. पोरी अंगावर काढतात, म्हणून तुम्हीच विचारत राहा.

भाचीचा मामा, सोलापूर
तिला थायरॉइडची गोळी चालू आहे. चालेल?

निवृत्त सिस्टर
ते डॉक्टर ठरवतील. थायरॉइड कमी असेल तर ईसीजीवर जास्त नजर ठेवतात. गोळीचं पाकीटच घेऊन जा, नुसतं तोंडी सांगू नका.