वापरलेली स्टेशन वॅगन घेताना: टर्बो की सहा सिलिंडर? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ता

जुनी गाडी आता निवृत्तीला आली. घरात दोन मुलं, एक कुत्रा, सायकली, तंबू आणि कधी लागेल सांगता येत नाही असं बरंच सामान. उंच एसयूव्ही मला चालवायला आवडत नाही, म्हणून वॅगनच, म्हणजे लांब डिकीची बुटकी गाडीच घ्यायची हे नक्की. गाडीही नक्की आहे: २००५ ते २००९ मधली सुबारू आउटबॅक. घोडं अडलंय इंजिनावर.

एक आहे २.५ लिटरची, चार सिलिंडर, टर्बो (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा दाबून भरणारा पंखा). दुसरी ३.० लिटरची, सहा सिलिंडर, विनाटर्बो. कागदावर दोघींची ताकद जवळपास सारखी, २५० हॉर्सपॉवरच्या आगेमागे. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, टर्बोचा जास्त, ३३९ न्यूटन-मीटर, आणि तो ३६०० आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) मिळतो. सहावालीचा २९७, तोही ४२०० ला. दोन्ही गाड्या दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलेल्या. दोन्ही चालवून पाहिल्या आणि दोन्ही आवडल्या, हीच पंचाईत.

कोणती भारी, हा वाद नको. यातलं एखादं इंजिन घेऊन ज्यांनी चार-पाच वर्षं काढली असतील त्यांनी काय सुख लागलं आणि काय निस्तरावं लागलं ते लिहा. गाडी हीच हवी असं नाही.

तेलकाडी

टर्बो, सात वर्षं. घेतली तेव्हा एक लाख दहा हजार किलोमीटर झालेले. सर्व्हिस बुकात साठ हजारांपर्यंत शिक्के वेळच्या वेळी, मग एकदम पाच पानं कोरी. "बाहेर करून घेत होतो" असं विकणारा म्हणाला. गाडी चकचकीत होती, मी मान डोलावली.

आठव्या महिन्यात सकाळी चालू करताना मागून निळसर धुराचा भपका यायला लागला. मग अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून बारीक शिट्टी, लांबवर सायरन वाजावा तशी. मेकॅनिकने हवेचा पाइप काढला आणि म्हणाला, आत बोट घाला. टर्बोचं चाक बोटाने डुगडुगत होतं, पात्यांच्या कडा घासून चमकत होत्या. टर्बोला तेल पोचवणारी बारीक नळी त्याने काढून माझ्या हातावर ठेवली. आतून कोळसा. स्वेटर विणायची सुई गेली नसती.

मग त्याने समजावलं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो आणि बहुतेक टर्बोंत तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल जुनं झालं, नळी चोंदली की तो थर जातो. माझ्या हातात गाडी येण्याआधीच हे झालं होतं, बिल मात्र माझ्या नावावर फाटलं. नवा टर्बो, नवी नळी, ऑइल पॅन काढून धुतला. त्यानंतरची सहा वर्षं काही म्हणजे काही नाही. पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, मी दर आठ हजार किलोमीटरला तेल बदलतो.

म्हणून माझं म्हणणं, टर्बोवाली घेताना आधीच्या मालकाच्या सवयीही आपण विकत घेत असतो. सहा सिलिंडरने त्या गृहस्थाला कदाचित पोटात घातलं असतं.

डिकीभर

आमच्याकडे नऊ वर्षं व्होल्वो व्ही७० आहे, ३.२ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत, आणि तेही गाडीच्या रुंदीत आडवं बसवलेलं. इतकं लांब इंजिन आडवं मावायचं नाही म्हणून अल्टरनेटर वगैरे मंडळी पट्ट्याच्या बाजूने उचलून मागे, गिअरबॉक्सच्या वर नेऊन बसवली आहेत. बॉनेट उघडून पाहण्यासारखं प्रकरण आहे.

एका ओळीतल्या सहा सिलिंडरचा गुण असा, की पिस्टनचे वरखाली झटके एकमेकांना जवळजवळ पूर्ण खोडून काढतात. सिग्नलला उभं असताना इंजिन बंद पडलं की काय म्हणून मी पहिल्या महिन्यात दोनदा चालू इंजिनाला स्टार्टर मारला. तो खर्र आवाज अजून आठवतो!

पेट्रोल लागतं. ते माहीत असूनच घेतली, तर तक्रार कसली. सामान भरून, मागे ट्रेलर लावून दिवसभर एका लयीत चालायचं असेल तर मला अजूनही याच्यापेक्षा बरं काही सापडलेलं नाही. ओव्हरटेक करताना मात्र गिअर खाली घ्यावा लागतो, त्याला पर्याय नाही.

वळणवाट

डोंगरातल्यांनी डोंगरातलं लिहावं म्हणून लिहितो. आमच्या नेहमीच्या रस्त्यावर २५०० मीटर उंचीची खिंड आहे. विनाटर्बो इंजिनाची ताकद दर हजार मीटरमागे साधारण दहा टक्के घटते, कारण हवाच विरळ. म्हणजे खिंडीच्या माथ्यावर माझ्या सहा सिलिंडरची पाव ताकद खालीच राहिलेली असायची. चार माणसं, टपावर पेटी, आणि मागून ट्रकवाला हॉर्न देतोय. इंजिनाचा आवाज मोठा सुरेल, पण नुसता आवाजच.

आता टर्बो आहे. विरळ हवा तो दाबून आत भरतो, त्यामुळे घाट चढताना खालच्यासारखंच वाटतं. उतारावर मात्र जुनीची आठवण येते. मोठं इंजिन गिअरमध्ये धरून ठेवलं की ब्रेकला पायच लावायला नको. हिच्यात तेवढी पकड नाही.

हातपाना

वीस वर्षं गाड्या उघडतोय, म्हणून जरा लांबण लावतो. वरच्या तिघांचंही बरोबर आहे, पण तिघांनी गाडी घेतल्यानंतरचं लिहिलंय. घेण्याआधी काय बघायचं ते ऐका.

धागाकर्ते, तुमच्या दोन गाड्यांत एक फरक तुम्ही लिहिलाच नाही. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळच्या वेळी उघडायला टर्बोवालीला टायमिंग बेल्ट आहे, सहावालीला चेन. बेल्ट बदलायची वेळ साधारण १,६८,००० किलोमीटरला येते. म्हणजे तुम्ही बघताय ती गाडी नेमकी उंबरठ्यावर उभी आहे, आणि पुष्कळ लोक नेमक्या याच वेळी गाडी विकायला काढतात. त्या इंजिनात बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बदलल्याची पावती दाखवा म्हणावं. पावती नसेल तर बदललेला नाही असंच समजा, आणि पाण्याचा पंपही त्याच हिशोबात धरा, कारण तो त्याच बेल्टवर फिरतो.

सहावालीला हा खर्च नाही, पण स्पार्क प्लग सहा. या इंजिनाचे सिलिंडर दोन्ही बाजूंना झोपलेले असल्यामुळे प्लग बाजूला, चॅसीच्या अंगाला चिकटून. हात जाईल एवढीच जागा, आणि माझा हात जात नाही. माझ्या पोराचा जातो, म्हणून ते काम त्याच्याकडे. ज्या गाड्यांत व्ही आकाराचं सहा सिलिंडर रुंदीत आडवं असतं, तिथे मागच्या तीन प्लगसाठी बऱ्याचदा वरचा मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, काढावा लागतो, आणि बरेच जण पुढचे तीन बदलून मोकळे होतात. म्हणून प्लग कधी बदलले हे सहावालीच्या मालकालाही विचारा. बरेच जण पुढचे तीन बदलून मोकळे होतात.

टर्बोच्या खाली वाकून बघा. सगळा सायलेन्सरचा पाइप गंजलेला आणि मधलेच चार बोल्ट कोरे करकरीत असले तर समजायचं, इथे काहीतरी काढलं होतं आणि विकण्याआधी परत बसवलं. ताकद वाढवायला कुणी संगणकात फेरफार केला असेल तर तो काढून टाकता येतो. इंजिनाने तेवढे महिने सोसलेलं मात्र काढता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडी बघायला जाल तेव्हा दाराला हात लावण्याआधी बॉनेटवर तळवा ठेवा. गार पाहिजे. सकाळचा पहिला स्टार्ट तुमच्या कानासमोर, तुमच्या डोळ्यांसमोर व्हायला हवा. निळा धूर, चेनची खडखड, घासणारा बेल्ट, जे काय असेल ते पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं. गरम इंजिन सगळं झाकतं.

दप्तरगाडी

माझा अनुभव दोघींच्या मधला आहे. शाळा तीन किलोमीटर, बाजार दोन किलोमीटर, दिवसातून सहा फेऱ्या. छोटं टर्बो इंजिन, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. कमी पितं म्हणून घेतलं होतं.

एक दिवस सहज तेलाची काडी ओढली तर तेल खुणेच्या वर. मला आनंदच झाला, तेल खात नाही म्हणून! भावाने काडी नाकाशी नेली आणि म्हणाला, ताई, हे तेल नाही, पेट्रोल आहे. इंजिन नीट तापायच्या आतच मी बंद करायची. थंड भिंतींवर न जळलेलं पेट्रोल खाली झिरपायचं आणि तेलात मिसळायचं. तापलं असतं तर उडून तरी गेलं असतं. लगेच तेल बदललं, तेव्हापासून आठवड्यातून एकदा हायवेवर तासभर चक्कर ठरलेली. मुलांना वाटतं आई फिरायला नेते.

आता नणंदेची सहा सिलिंडर आमच्याकडे आहे. जुन्या पद्धतीची, पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये फवारणारी. छोट्या फेऱ्यांना भरपूर पिते, पण चार वर्षांत काडीला तो वास आला नाही.

सरळमार्गी

दोन्ही नकोत. साधं २.५, टर्बोशिवायचं घ्या आणि निवांत झोपा.

धागाकर्ता

@सरळमार्गी, ते चालवलं. झोप खरंच आली, स्टिअरिंगवरच.

बिल्लाफसवा

नावावर जाऊ नका एवढं सांगायला आलो. मला बीएमडब्ल्यूची ५२८आय टूरिंग (त्यांच्या भाषेत वॅगन) हवी होती, आणि २८ म्हटलं की सहा सिलिंडर असं डोक्यात पक्कं. २०११ मध्ये त्याच नावाखाली ३.० लिटर सहा सिलिंडर जाऊन २.० लिटर चार सिलिंडर टर्बो आलं. ताकद २५८ वरून २४५ हॉर्सपॉवर, टॉर्क उलट ३१० वरून ३५०. मागचा बिल्ला तोच. मी नंतरची घेतली, हे बॉनेट उघडल्यावर समजलं. चूक सर्वस्वी माझी, जाहिरातीत २.० लिटर लिहिलेलं होतं.

सांगायची गोष्ट अशी, की रोजच्या वापरात नवी जास्त चपळ आहे आणि कमी पिते. नावं ठेवायला जागा नाही. तरीही बोगद्यात काच खाली करायची माझी सवय गेली. पूर्वीच्या सहा सिलिंडरला मी मुद्दाम करायचो.

उलटसुलट

"टर्बो की सहा" असं कशाला, काहींनी दोन्ही केलंय. साब ९-५ मध्ये ३.० लिटरचं व्ही६ यायचं, त्यात टर्बो फिरवायला एकाच बाजूच्या तीन सिलिंडरचा धूर वापरायचे, दाबलेली हवा मात्र सहाही जणांना. तिघांनी राबायचं, सहांनी जेवायचं. माझ्या मित्राकडे होती, मी फक्त शेजारी बसायचो, त्यामुळे निस्तरण्याबद्दल मला विचारू नका.

तेलकाडी

@हातपाना, एक विचारू? लांबून आल्यावर टर्बो बंद करण्याआधी मिनिटभर तसंच चालू ठेवायचं, हे मी आजवर नेमाने करतो. बायको म्हणते गाडीला नैवेद्य दाखवतो.

हातपाना

@तेलकाडी, चालू द्या, वाईट काही नाही. पण टर्बोच्या आत पाणीही फिरत असेल तर शेवटचा किलोमीटर हळू चालवला तरी पुरतं. घाट जोरात चढून माथ्यावर लगेच चावी फिरवणारे माझं घर चालवतात.

आणि धागाकर्ते, विसरलो होतो. गाडी चारही चाकांना ओढणारी आहे. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, सारखेच झिजलेले आहेत का ते बघा. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असतील तर पुढच्यामागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि मधली यंत्रणा सतत घासत राहते. हे इंजिनाइतकंच महाग पडू शकतं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल सकाळी सात वाजता टर्बोवालीकडे गेलो. नऊची वेळ दिली होती, पण मुद्दाम लवकर. मालक अंघोळीला गेले होते. बॉनेट गार. बेल्टची पावती निघाली, आठ हजार किलोमीटरपूर्वीची, पंपासकट. पहिल्या स्टार्टला धूर नाही. टायर चारही सारखे. फक्त सर्व्हिस बुकात मधली दोन पानं कोरी आहेत, आणि तेलकाडींचं लिहिलेलं वाचल्यापासून माझी नजर तिथेच अडकली आहे. तेलाची नळी काढून बघू द्याल का विचारलं, तर मालक "विचारून सांगतो" म्हणाले. कुणाला विचारणार ते काही बोलले नाहीत.

तिथून सहावालीकडे. इथे मात्र सांगितल्या वेळेला, बरोबर दहाला पोचलो. कागद सगळे जागच्या जागी, माणूस अगत्याचा, गाडी धुऊन पुसून उभी. दाराला हात लावण्याआधी तळवा बॉनेटवर ठेवला.

चांगलंच गरम.

उद्या सकाळी पुन्हा जातोय, न सांगता.