काउन्सिल एरियाला मराठीत काय म्हणाल? (आणि लॉखला?)

मोरपंखी
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन यंदा माझ्या गळ्यात पडलंय. एका काकूंचा लेख आहे. मुलगा स्कॉटलंडमध्ये ओबानला असतो, त्याच्याकडे चार महिने राहून आल्यात. लेख झकास आहे, पण एका वाक्याने माझा घाम काढलाय: "ओबान आर्गाइल अँड ब्यूट काउन्सिल एरियात येतं."

पहिल्या मुद्रितात मी "परिषद क्षेत्र" केलं. काकूंचा लगेच फोन, "अगं, कसली परिषद? तिथे काय साहित्य संमेलन भरलं होतं?" मग "जिल्हा" केलं. तर चार परिच्छेद खाली त्यांनीच लिहिलंय, की १९७५ ते १९९६ या काळात आर्गाइल अँड ब्यूट हा स्ट्रॅथक्लाइड रीजनमधला एक डिस्ट्रिक्ट होता आणि १९९६मध्ये रीजन, डिस्ट्रिक्ट दोन्ही मोडीत निघून काउन्सिल एरिया आले. माझ्या कृपेने आता ते वाक्य असं झालंय: "१९९६ साली जिल्हा रद्द होऊन जिल्हा झाला."

हसू नका. शनिवारी पानं छापायला जायची आहेत. जाता जाता, लॉखचं मी सगळीकडे "सरोवर" केलंय. ते तरी बरोबर आहे ना?

निवृत्त_मास्तर
"परिषद" अजिबात बदलू नये. 'परि' म्हणजे सभोवार, 'सद्' म्हणजे बसणे. सभोवार बसून विचार करतात ती परिषद. काउन्सिलला याहून नेमका शब्द मिळणार नाही. फक्त तोडून लिहू नका, "परिषदक्षेत्र" असं जोडून लिहा, म्हणजे संज्ञा वाटेल. "महापौर" सावरकरांनी दिला, आज कुणाला तो परका वाटतो? शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही.

झेडपीवाला
मास्तर, नमस्कार. मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत फायली हलवल्या. परिषद म्हटलं की गावाकडच्या माणसाला झेडपीच दिसते, १९६२पासून दिसते आहे. आणि झेडपीचा हात नगरपालिकेच्या हद्दीपाशी थांबतो. आमच्याकडे नाक्यावर एक खड्डा होता. हद्दीचा दगड बरोबर त्याच्या काठावर. अर्धा खड्डा आमचा, अर्धा नगरपालिकेचा. दोन वर्षं पत्रव्यवहार चालला, तोवर त्यात बेडकांच्या दोन पिढ्या झाल्या.

तिकडे शहराचं वेगळं आणि गावाचं वेगळं असं काही आहे का? तसं नसेल तर "परिषद" म्हणून वाचकाच्या डोक्यात झेडपी घालू नका.

क्लाइडकाठी
ग्लासगोहून लिहितोय. त्याआधी सहा वर्षं हेलेन्सबरात होतो, म्हणजे याच काउन्सिलला घरपट्टी भरलीय.

झेडपीवाले काका, नाही, वेगळं काहीच नाही. तीच तर मेख आहे. स्कॉटलंडभर असे ३२ तुकडे आणि प्रत्येकात एकच काउन्सिल. शाळा, कचरा, गावातले रस्ते, बांधकामाची परवानगी, म्हाताऱ्या माणसांच्या घरी येणारी मदतनीस, सगळं तिथेच. वर जिल्हा नाही, खाली तालुका नाही. कलेक्टर हा प्राणी तर नाहीच. पोलीस २०१३पासून सगळ्या देशाचे एकच, आणि पाणी स्कॉटिश वॉटर नावाच्या सरकारी कंपनीचं. पण पाणीपट्टी मात्र काउन्सिल टॅक्सच्याच बिलात येते. घरपट्टी-पाणीपट्टी एका कागदावर, अगदी आपल्यासारखी.

आर्गाइल अँड ब्यूट क्षेत्रफळात दुसऱ्या नंबरचं, पहिलं हायलँड. माणसं लाखाच्या आत, पण वस्तीची बेटंच तेवीस. सदस्य ३६, प्रभाग ११. सगळ्यांत मोठं गाव हेलेन्सबरा, नाव सगळ्यांत जास्त ओबानचं, आणि कचेरी कुठे? तर लॉखगिल्पहेडला. दोन-अडीच हजार वस्तीचं गाव, बाहेर किल्मोरी कासल नावाचा जुना वाडा, त्यात कारभार.

झेडपीवाला
म्हणजे लॉखगिल्पहेड हे "जिल्ह्याचं ठिकाण". बघा, हा शब्दप्रयोग कसा फिट्ट बसला.

मोरपंखी
काका, पण मग जिल्हा आलाच की परत!

झेडपीवाला
येऊ दे. जिल्हा म्हणजे तरी काय? अरबीत मूळ अर्थ बरगडी. बरगडी, बाजू, मग मुलखाची एक बाजू. आपला शब्द म्हणून उराशी धरलाय, पण आहे तोही पाहुणाच. तालुका पाहुणा, तहसील पाहुणी. तेव्हा मास्तरांनी सोवळं जरा सैल करावं आणि "काउन्सिल एरिया" देवनागरीत तसंच ठेवावं.

निवृत्त_मास्तर
तीनशे वर्षं घरात राहिलेल्याला पाहुणा म्हणत नाहीत. "एरिया" मात्र कालचा आहे आणि त्याला आपल्याकडे भलताच वास आहे. "हा आमचा एरिया" कोण कुणाला कुठल्या सुरात म्हणतं, ते ठाऊक आहे ना?

खाडीपल्याड
तुमचं परिषद-जिल्हा चालू द्या. मी लॉखवर आलोय. मोरपंखी ताई, लेखात कुठकुठले लॉख आहेत?

मोरपंखी
लॉख फाइन आणि लॉख ऑ. लॉख फाइनच्या काठी इनव्हरेरीला त्यांनी कालवं खाल्ली. म्हणजे मुलाने खाल्ली, काकूंनी फोटो काढला.

खाडीपल्याड
हात्तिच्या! सरोवरात कालवं? अहो, कालवं आली म्हणजे खारं पाणी आलं, भरती-ओहोटी आली. ती खाडी आहे. माझं बालपण दाभोळच्या खाडीवर गेलंय. ओहोटीला दगड उघडे पडले की आजी कोयती घेऊन कालवं काढायला जायची आणि आमचे पाय त्या शिंपल्यांनी फाटायचे. काकूंना एकच विचारा, सकाळी नावा चिखलात कलंडलेल्या आणि दुपारी तरंगत होत्या का? हो म्हणाल्या तर "सरोवर" तिथल्या तिथे खोडा.

क्लाइडकाठी
शंभर टक्के. लॉख फाइन समुद्राचा फाटा आहे, आत जवळजवळ पासष्ट किलोमीटर घुसलेला. लॉख ऑ मात्र गोड्या पाण्याचा, एक्केचाळीस किलोमीटर लांब. गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, दोघांना एकच शब्द. माणसाला बोलताना फरक करायचा असला तर सी-लॉख म्हणतात, पण नावात तो दिसत नाही. त्यामुळे तुमच्या लेखात एक खाडी आणि एक सरोवर होणार.

आणि कृपा करून "लॉक" छापू नका. घशातून येणारा ख आहे तो. क्रिनन कालव्यावर खरोखरचे लॉक आहेत, पाणी अडवून बोट वरखाली करणारे. त्याच परिच्छेदात दोन्ही आले तर वाचक कुलूप शोधत बसेल.

मोरपंखी
काकूंना विचारलं. म्हणाल्या, "सकाळी पाणी कुठे गेलं होतं कोण जाणे, मला वाटलं धरणाचं सोडलं असेल." सरोवर खोडलं. एकाच नावाचं एकदा खाडी, एकदा सरोवर केल्यावर मुळात दोन्हीकडे लॉख आहे हे कळणार कसं?

निवृत्त_मास्तर
नावात लॉख ठेवा आणि पुढे "ही खाडी", "हे सरोवर" असं वाक्यात येऊ द्या. विशेषनाम भाषांतरित करू नये.

झेडपीवाला
मास्तर, मग काउन्सिल एरियापण विशेषनामातच येतो की! जिंकलो.

निवृत्त_मास्तर
तो सामान्यनाम आहे. ३२ आहेत असं आत्ताच सांगितलं. एकाहून अधिक असतं त्याला आम्ही वर्गात सामान्यनाम शिकवत असू.

क्लाइडकाठी
गंमत सांगतो. काउन्सिलच्या गाड्यांवर गेलिक नावही असतं. त्यात काउन्सिलला शब्द आहे "कोअर्ल्या" असा काहीसा, आणि त्याचा दुसरा अर्थ सल्ला. तेव्हा मास्तरांच्या सभोवार बसण्याला गेलिकचाही पाठिंबा आहे असं समजा.

पण रोजच्या बोलण्यात "काउन्सिल एरिया" कुणी म्हणत नाही. माणूस म्हणतो मी आर्गाइलचा. हेलेन्सबराची जुनी माणसं तर तेही म्हणत नाहीत. त्यांचं गाव १९९६ला इथे जोडलं, त्याआधी ते डंबार्टनकडे. म्हातारे अजून स्वतःला डनबार्टनशायरचे म्हणवतात.

खाडीपल्याड
माझे आजोबा मरेपर्यंत "कुलाबा जिल्हा" म्हणायचे. रायगड झाल्याला पाव शतक उलटलं होतं. पाकिटावर पत्ताही तसाच लिहायचे, आणि पत्र पोचायचंसुद्धा.

निवृत्त_मास्तर
यावरून आठवलं. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती उघडा, तीत मराठी भाषेवर टिपणं आहेत ती जॉन विल्सन यांची. मुंबईचं विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच. ते स्कॉटलंडमधल्या लॉडरचे. त्यांच्या काळी लॉडर बेरिकशायरमध्ये, आज स्कॉटिश बॉर्डर्स या परिषदक्षेत्रात. आता मला सांगा, चरित्रलेखकाने काय लिहावं?

झेडपीवाला
"लॉडरचे" लिहावं आणि गप्प बसावं.

क्लाइडकाठी
मोरपंखी ताई, लेखात शेरीफ आणि प्रोव्होस्ट आलेत का? तिथेही पाय घसरतो.

मोरपंखी
आलेत! शेरीफला मी "नगरपाल" केलंय. मुंबईच्या शेरीफला आपण तेच म्हणतो ना? प्रोव्होस्टला महापौर.

क्लाइडकाठी
नगरपाल ताबडतोब काढा. मुंबईचा शेरीफ शोभेचा, स्कॉटलंडचा शेरीफ म्हणजे कोर्टात बसलेला न्यायाधीश. काकूंच्या लेखात शेरीफने कुणाला दंड केला असेल तर वाचकाला वाटेल समारंभातला प्रमुख पाहुणा पावत्या फाडतोय. "न्यायाधीश" लिहा. प्रोव्होस्टला महापौर मोठं होतं. लॉर्ड प्रोव्होस्ट फक्त ग्लासगो, एडिंबरा, अबरडीन आणि डंडीला, त्यांना महापौर म्हणा हवं तर. बाकीच्यांना "अध्यक्ष" पुरे.

अजून एक सापळा, कम्युनिटी काउन्सिल. ग्रामपंचायत करू नका. तिला कर लावता येत नाही, हाताखाली शिपाई नाही. गावातली पाच-पंचवीस माणसं हॉलमध्ये जमतात, एखाद्या बांधकामाबद्दल काउन्सिलला मत कळवतात, चहा पितात, घरी जातात.

झेडपीवाला
मग ती ग्रामसभा. आमच्याकडे चहासुद्धा नसतो.

क्लाइडकाठी
ग्रामसभेला सगळं गाव येऊ शकतं. इथे निवडून आलेले असतात. म्हणजे निवडणुकीला पुरेसे लोक उभे राहिले तर. बहुतेकदा "या हो, या" करूनच आणावे लागतात.

मोरपंखी
तेवढ्यात एक नवीन प्रश्न. काकू लॉखगिल्पहेडकडे जाताना एका खिंडीत थांबल्या होत्या, नाव "रेस्ट अँड बी थँकफुल". हे नाव आहे की पाटीवरची सूचना?

क्लाइडकाठी
दोन्ही! अठराव्या शतकात सैनिकांनी तो रस्ता बांधला, माथ्यावर दगड बसवून त्यावर हे शब्द कोरले, तेच नाव पडलं. आज तिथे विसावा कमी आणि दरडी जास्त. पाऊस झाला की डोंगर खाली येतो, मग एका मागोमाग गाड्या जुन्या सैनिकी रस्त्याने सोडतात. शिव्या काउन्सिलला पडतात, पण तो ए-८३ ट्रंक रोड, म्हणजे मुख्य महामार्ग, तो एडिंबराच्या स्कॉटिश सरकारकडे. झेडपीवाले काका, तुमचा अर्धा खड्डा इथेही आहे.

निवृत्त_मास्तर
"विसावा घ्या, ऋणी राहा." भाषांतर असंच छापावं. सुंदर आहे.

खाडीपल्याड
आत्ताच कोण म्हणालं विशेषनाम भाषांतरित करू नये?

निवृत्त_मास्तर
हे वाक्य आहे.

मोरपंखी
मंडळी, पानं उद्या जाणार. काउन्सिल एरियाचं अजून काहीच ठरलेलं नाही. सध्या एका ठिकाणी "परिषदक्षेत्र", एका ठिकाणी "काउन्सिल एरिया" आणि एका ठिकाणी चुकून "जिल्हा" आहे. काकू म्हणतात, "मुलखात" लिही.

झेडपीवाला
मुलूख! काकूंना नमस्कार सांगा.

निवृत्त_मास्तर
मुलूखही अरबीच.

मांडवीकाठ
उशिरा आलो, वर खाडीचं वाचून राहवलं नाही. खाडीपल्याड, तुमच्याकडे खाजण कशाला म्हणतात? आमच्या गोव्यात बांध घालून, मानशीतून (बांधातल्या दारातून) पाणी आतबाहेर करून कमावलेली शेतजमीन म्हणजे खाजन. परवा एक रत्नागिरीकर मला सांगत होता की चिपीची (खारफुटीची) झाडं वाढतात तो चिखल म्हणजे खाजण.

खाडीपल्याड
रत्नागिरीकर बरोबर सांगत होता. बांध घातला की ती खाजण राहिलीच कुठे?

मांडवीकाठ
अहो, बांध नसेल तर तिला खाजन म्हणायचंच कशाला? आमच्या आजोबांची सनद आहे घरात, उद्या बघून सांगतो.